घरात उजेड आणताना

माघ शुद्ध पंचमी, शके १८५९. पाथरी.

आज पुन्हा माजघराच्या चौकटीला डोकं आपटलं आणि ठरवलं, आता या घराला हात घालायचाच. आजोबांनी घर बांधलं तेव्हा आमच्या घराण्यात सगळेच बुटके असावेत, नाहीतर चोराने वाकून यावं असा त्यांचा बेत असावा. चोर काही आजवर आला नाही. वाकतोय मी.

मागच्या महिन्यात कापडाच्या खरेदीला हैदराबादेला गेलो होतो. तिथल्या आडत्याने नवं घर बांधलंय. माणूसभर उंचीच्या खिडक्या, त्याची बायको खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. आमच्या घरात तांदूळ निवडायचे तर अंगणात जावं लागतं. भिंती रुंद मातीच्या, वर मातीचं माळवद, दार एक, आणि उजेड म्हणाल तर माजघराच्या माळवदात ठेवलेला हातभर झरोका. पावसाळ्यात त्यावर मडकं पालथं घातलं की तोही बंद.

हे मी माझ्यासाठी करत नाही. माझा दिवस दुकानात जातो. हाल होतात ते गंगम्माचे. (गावात बायकोचं नाव घेतलं तर लोक हसतील, इथं लिहायला हरकत नाही.) दसऱ्यापासून बघतोय, वरणात मीठ दोनदा पडतं, चहा कपाबाहेर सांडतो, परवा तर हातच तव्याला लागला. वय म्हणाल तर पंचेचाळीसही नाही. त्या अंधारात बिचारी दुसरं काय करणार?

तिला बेत सांगितला तर म्हणाली, "हाय ते बरंय की. कशाला मोडायलात?"

मी म्हटलं, "उजेड येईल."

"उजेडाला झरोका हाय की. बाकी काय बी करा, तेवढा राहू द्या."

बायकांना जुनं सोडवत नाही. काम झालं की तीच आल्यागेल्याला खिडक्या दाखवत फिरेल.

माघ शुद्ध द्वादशी

भुजंग गवंडी आला. घराभोवती फिरला, भिंतीला पाठ टेकून बसला, पान खाल्लं आणि म्हणाला, "मालक, भिंत लय चांगली हाय. कशाला फोडायलात?" ज्याला फोडायचे पैसे मिळणार तोही असंच म्हणतो म्हटल्यावर कमाल झाली. मी त्याला हैदराबादेच्या घराचं वर्णन ऐकवलं. तो म्हणाला, "करू की. सांगाल तसं करू."

पुढं पाथरीत ज्याला घर सुधारायचं असेल त्याच्या उपयोगी पडावं म्हणून मी शिकलेलं इथं टिपून ठेवणार आहे. पहिला धडा असा की, गवंड्याला काम कधी संपेल हे विचारू नये. विचारलं तर तो आकाशाकडे बघतो.

गंगम्माने मात्र मजा केली. भुजंग दोरी धरून मापं घेत होता, तर ही त्याच्यामागून भिंतीला हात लावत चाललेली. खांबापासून चुलीपर्यंत, चुलीपासून भिंतीतल्या मिठाच्या देवळीपर्यंत, तिथून पाण्याच्या रांजणापर्यंत. मग त्याला म्हणाली, "दार कुठं येणार? ह्या खांबाच्या ह्या अंगाला का त्या अंगाला?" भुजंगने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, तलाठीण झालीस की. तिने हसायला हवं होतं, हसली नाही.

माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र

आज काम बंद. आम्हा लिंगायतांत लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत, आणि आज तर सगळा दिवस पूजेचाच. मी माझी पूजा ओसरीवर आटोपली. गंगम्मा रोजच्यासारखी माजघरात झरोक्याखाली. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर झरोक्यातून उतरलेलं ऊन, आणि ही एकटक बघत बसलेली. ऊन सरकलं की पाट सरकवायची, पुन्हा सरकलं की पुन्हा. उन्हामागे फिरणारी मांजर बरी. तिला हाक मारली तरी वर बघितलं नाही. इतकं बघण्यासारखं काय असतं देव जाणे, माझं तर दोन घटकांत मन दुकानात जातं. तिची भक्ती माझ्यापेक्षा मोठी आहे हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

शेजारची नागुबाई, माझ्या चुलत भावाची विधवा, हल्ली उठल्यासुटल्या आमच्या चुलीपाशी असते. हिच्या हातातलं उलथनं घेते काय, तांदूळ निवडून देते काय. तिला म्हटलं, "वहिनी, पुढल्या वर्षी तुमचंही घर कामाला काढू." ती म्हणाली, "नगं भाऊजी. माजं हाय तसं राहू द्या." दोघींनी एकमेकींकडे तोंड केलं आणि विषय बदलला. माझ्या पाठीमागं काहीतरी चालू असतं यांचं.

फाल्गुन शुद्ध तृतीया

पूर्वेची भिंत फोडली. आतून काय काय निघालं! मातीत चिपाडं, शेण, बाजरीचा भुसा, आणि एक बाळलेणं, कुणाचं कुणास ठाऊक. धूळ अशी की दुकानातल्या कापडाचा रंग कळेना. धडा: आधी सामान बाहेर काढावं, मग भिंत फोडावी. हे मला आधीच कळायला हवं होतं.

चूल पूर्वेच्या खिडकीखाली न्यायचं ठरवलं. यावरून घरात वाद. "चूल हाय तिथंच राहू द्या," एवढंच म्हणत राहिली. का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाली, "मला तिथं सवय झालीय." मी म्हटलं, सवय नव्या जागी पण होते. आवाज जरा चढला माझा. ती उठून गेली आणि जाताना मध्येच ठेवलेल्या घमेल्यावर पडली. गुडघा फुटला. घमेलं कोण मध्ये ठेवतं म्हणून भुजंगला झापलं. दारातून एवढं ऊन येत असताना घमेलं दिसलं कसं नाही, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. गवंडी लोकांना स्वतःची चूक कधी दिसत नाही.

फाल्गुन शुद्ध नवमी

तिला पालमला चन्नीकडे पाठवली. लेक आहे, नातवंडं आहेत, धुळीतून सुटका होईल. मनात असंही होतं की परत येईल तेव्हा सगळं तयार असावं आणि तिने दारातच थबकावं.

बैलांच्या दमणीत बसताना तिने माझा हात धरला. भर रस्त्यात, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "झरोका तेवढा..." मी म्हटलं, हो हो.

फाल्गुन वद्य द्वितीया

माळवद उतरवलं. वर कसली माती, तीन पिढ्यांनी दरवर्षी थरावर थर चढवलेले. तुळया काढून विकल्या. मानवत रोडच्या स्टेशनावरून पत्रे आणले, बैलगाड्यांना पोहोचायला दिवस लागला. पत्र्याला भोक ठेवायचं म्हणजे गळती, भुजंगही तेच म्हणाला. आणि एवढ्या खिडक्या असताना झरोका कशाला? नाही ठेवला. तिला खिडक्या दिसल्यावर आठवणही राहणार नाही.

चन्नीच्या नवऱ्याचा निरोप आला, आई आमच्या उंबऱ्याला अडखळून पडली, फार लागलं नाही. त्यांचं घर पहिल्यापासून वाईट बांधलेलं, मी लग्नातच म्हटलं होतं.

खाली शहाबादी फरशी बसवली. काय गुळगुळीत दिसते!

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८६०

गुढी उभारली आणि ती आली. नागुबाईने हात धरून उतरवून घेतलं.

मी दारात उभा. "बघ," म्हटलं.

ती थबकली, पण माझ्या मनात होतं तशी नाही. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, खिडक्यांतून नुसता लोट येत होता उजेडाचा. तिने डोळ्यांवर हात धरला. मग पाय टाकला तो खांबाच्या दिशेने, आणि खांब तर मी काढलेला. हात हवेत फिरला तिचा.

"कसं झालंय?"

"चांगलंय," म्हणाली.

मग माजघराच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि वर तोंड केलं. "हितं ऊन पडायचं," एवढंच.

मी सांगितलं, ऊन आता सगळीकडे पडतं. तिने मान हलवली. मला राग आला, खरं लिहितो. वाईटही वाटलं. दीड महिना धूळ खाल्ली ती कुणासाठी? एक चांगला शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं?

चैत्र शुद्ध अष्टमी

पत्रे तापतात. दुपारी घरात बसवत नाही. माळवदाखाली उन्हाळा कळायचा नाही हे मला आता आठवतं. धडा लिहायचा तर हा लिहायला हवा, पण माझा मला लिहावासा वाटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गंगम्मा जेवत नाही. सकाळी पूजेला बसते, बसूनच राहते, पूजा संपली असं म्हणत नाही. पूजा संपली नाही तर जेवण नाही. दुपार उलटली की लिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीत, चौक्यात ठेवते आणि "आज भूक न्हाई" म्हणते. कधी नागुबाई येऊन चार घोट दूध पाजते. मी दुकानातून येतो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. रुसलीय, दुसरं काय. झरोक्याचा राग आहे तो.

म्हटलं, "एका भोकासाठी उपाशी मरणार आहेस का?"

"न्हाई हो. जमंना मला, तुमच्यावर राग न्हाई माजा."

"काय जमेना?"

ती पाट उचलायला उठली.

नागुबाईला विचारलं तर ती म्हणाली, "भाऊजी, तुमीच बगा की नीट." काय बघू? बघतोच आहे रोज.

चैत्र शुद्ध द्वादशी

आज सकाळी कळलं.

ती पूर्वेच्या खिडकीसमोर पूजेला बसली होती. मी दुकानाच्या किल्ल्या शोधत होतो. फरशीवर काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि तिच्या तोंडून 'शिवा शिवा' निघालं. इष्टलिंग तळहातावरून निसटलं होतं. आमच्यात याहून मोठं संकट नाही. लिंग हातून पडलं म्हणजे जीव गेल्यासारखंच.

मी धावलो. लिंग तिच्या उजव्या गुडघ्याला जवळजवळ लागून पडलेलं. खिडकीतून एवढं ऊन येत होतं की काळ्या लिंगावर चकाकी होती. आणि ती डाव्या बाजूला फरशी चाचपत होती. दोन्ही हातांनी, पसरून पसरून, आडत्याच्या बायकोने तांदळात हात फिरवावा तशी. माझ्या पायाला हात लागला तर दचकली.

मी म्हटलं, "गंगे, ते काय, तुझ्या गुडघ्याशी."

तिने मान वळवली. खिडकीकडे. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे. डोळे उघडे होते आणि ते माझ्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे बघत होते.

मी खाली बसलो. लिंग उचलून तिच्या हातात ठेवण्याएवढंसुद्धा सुचलं नाही. तिनेच शेवटी चाचपत शोधलं.

चैत्र वद्य प्रतिपदा

आमचे गुरू शिवरुद्र स्वामी येऊन लिंगाची शुद्धी करून गेले. संध्याकाळी तिला विचारलं. पुसून पुसून विचारलं.

दसऱ्याच्या आधीपासून कमी दिसायला लागलं होतं. आधी कडेचं दिसेना, मग कडा आत आत आल्या. समोरचं तेवढं दिसायचं, तेही उजेडात धरलं तर. झरोक्यातलं ऊन तळहातावर पडलं की लिंग दिसायचं. चोहोकडे अंधार आणि मध्ये तेवढं. खिडकीतल्या उजेडात नुसता पांढरा धूर दिसतो, म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी बाई ठेवली असती चुलीला. मला चन्नीकडं नेऊन सोडलं असतं."

खोटं कशाला लिहू, तसंच केलं असतं मी.

"आन् गरज बी न्हवती," म्हणाली. "त्या घरात मला डोळ्यांचं काम पडत न्हवतं. खांब सोडला की चार पावलांवर चूल. चुलीच्या उजव्या अंगाला मीठ. जिथल्या तिथं सगळं हाताला यायचं. हितं मी पावण्यावानी झाले."

तिने हे रडत सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भाजीत काय घालू विचारावं तशी सांगत होती.

चैत्र वद्य षष्ठी

परभणीला नेऊन आणली. दमणीने मानवत रोड, तिथून आगगाडी. वाटेत मनात एकच धरून होतो, मोतीबिंदू असावा. मोतीबिंदू काढतात, आमच्या गावच्या दिनकररावांचा काढला, ते आता लांबून माणूस ओळखतात. आगगाडीत गंगम्मा खिडकीशी बसली होती. वारा लागतो म्हणून बरं वाटतं म्हणाली.

डॉक्टर वयस्कर होते, भला माणूस. पुष्कळ वेळ बघितलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "सेठजी, ये मोतीबिंदू नहीं है, काचबिंदू है. इसका इलाज अब नहीं हो सकता."

मी विचारलं, "दिवाळीला आणलं असतं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तब शायद रोक सकते थे. जितनी बची थी, उतनी."

दिवाळीला मी दुकानाचे हिशेब करत होतो. मीठ दोनदा पडत होतं. मला अंधाराचा राग येत होता, घराच्या.

परतताना तिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, औषध दिलंय, बघू. तिने माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि म्हणाली, "असू द्या."

चैत्र वद्य दशमी

भुजंगला बोलावलं. म्हटलं, सगळं होतं तसं कर. माळवद घाल, खांब उभा कर, चूल जुन्या जागी, झरोका पण.

तो उभाच राहिला. "मालक, तुळया इकल्या तुमी. भिंती बी उंच केल्या. आता माळवद पेलायचं न्हाई त्यांना."

"मग काय करता येईल ते सांग."

"पत्र्याला भोक पाडता येतंय."

पाडलं. खाली पाट ठेवला, गंगम्माला आणून बसवलं, तळहातावर ऊन आलं. पत्र्याखाली घामाने तिचं लुगडं भिजलं. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होतो. बराच वेळ.

"दिसतंय?"

"ऊन पडलंय, कळतंय," म्हणाली. "हाताला लागायलंय."

भुजंग शिडीवरूनच बघत होता. मी त्याला म्हटलं, भोक बुजवून टाक. मग म्हटलं, राहू दे. मग पुन्हा म्हटलं बुजव. तो शिडीवर बसून राहिला.

वैशाख शुद्ध तृतीया

शिवरुद्र स्वामी आले होते. तिने त्यांना विचारलं, दिसलं न्हाई तर पूजा होती का? त्यांनी सांगितलं, लिंग हातात आहे ना, हाताला कळतं ना, झालं तर मग. तेव्हापासून ती जेवते. एवढंच एक चांगलं झालं आणि तेही माझ्यामुळे नाही.

पण घरात ती फिरत नाही. मी दुकानात जाताना पाटावर बसवून जातो, येतो तेव्हा पाटावरच असते. स्वयंपाकाला बाई ठेवली आहे. गंगम्मा तिच्या हातचं मुकाट्याने जेवते. जिने एके काळी या घराचा चौदा माणसांचा स्वयंपाक एकटीने ओढला, ती आता पाण्याचा तांब्या कुठं आहे म्हणून विचारते. मी तिला हात धरून रोज घर दाखवतो. इथून दार, इथून चूल, ही भिंत. फरशी गुळगुळीत, पायाला कुठंच काही कळत नाही तिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरते. किंवा विसरते असं दाखवते, म्हणजे मी दमून सोडून द्यावं म्हणून. मला खरंच कळत नाही. तिचं काहीच कळत नव्हतं मला, हे आता कळतंय.

वैशाख वद्य पंचमी

आज दुकान लवकर बंद करून आलो तर घरात ती नव्हती. पाट रिकामा. स्वयंपाकाची बाई म्हणाली, नागुबाईकडे गेल्या असतील, रोजच जातात दुपारच्या. मला कुणी सांगितलं नव्हतं.

नागुबाईचं घर म्हणजे आमच्या जुन्या घराचं जुळं भावंड. आजोबांनी दोन मुलांसाठी एकाच गवंड्याकडून एकासारखी एक बांधून घेतलेली, खांबाला खांब, देवळीला देवळी. माझं मी मोडलं, तिचं राहिलं. दारातून वाकून डोकावलो. आत अंधार, एक झरोका, चुलीचा धूर.

गंगम्मा भाकरी थापत होती. पिठाचा हात झटकून उठली, चार पावलं गेली, रांजणातून तांब्या भरून घेतला, परत आली. देवळीत हात घातला, चिमूटभर मीठ घेतलं. कुठं अडखळली नाही, कुठं चाचपलं नाही. नागुबाई जवळ बसून लसूण सोलत होती, हात लावायला पुढे आली नाही. गंगम्मा कशालातरी हसत होती. तिचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं.

नागुबाई म्हणाली, "भाऊजींना सांगावं की, हितंच करती म्हणून. बोलणार न्हाईत."

"नगं," गंगम्मा म्हणाली. "तेंनी लय हौसेनं बांधलंय घर. माज्यासाटी बांधलंय. वाईट वाटंल तेंना."

मी तसाच मागे सरलो. घरी येऊन खिडकीशी बसलो. बऱ्याच वेळाने ती आली, नागुबाईने ओसरीपर्यंत सोडलं. दारात आली आणि हाताने चौकट शोधली. चौकट मी उंच आणि रुंद केली आहे, ती पटकन हाताला लागत नाही.

"आलात का तुमी?" तिने विचारलं.

"आत्ताच," म्हटलं. "कुठं गेली होतीस?"

"देवळात. नागुबाईसंगं."

तिच्या हाताला पीठ होतं. मी बरं म्हणालो, आणि तिला पाटापर्यंत नेऊन बसवलं.